शाकाहारी घटपर्णी

घटपर्णीचा भरलेला घट एकदा तळहातावर उपडा करून पाहावा. झाडाझुडपांविषयी गोड बोलणाऱ्यांची तोंडं त्याने बंद होतात. आधी चहाच्या चोथ्यातून निघाल्यासारखं तपकिरी पाणी येतं. मग मुंग्यांच्या डोक्यांचा रवा. मग झुरळांचे पंख, कारण ते कोणालाच पचत नाहीत. आणि शेवटी तळाचा काळा लगदा, ज्यात कोण कोण होतं ते ओळखता येत नाही. वास मेलेल्या उंदराचा नसतो, गटाराचाही नसतो. ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर विसरलेल्या कशाचा तरी असतो. पनवेलात मी हा वास दहा वर्षं घेतला. पण त्या दहा वर्षांत मला सगळ्यांत जास्त किळस आली ती या वासाची नव्हे.

मी तिथल्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला होतो. शाळेच्या मंडळावर एक रावसाहेब होते. ही पदवी त्यांना इंग्रजांनी दिली होती. इंग्रज गेले, पदवी राहिली. स्वातंत्र्याच्या दिवशी त्यांनी दारावरच्या पितळी पाटीच्या वर एक तिरंगा लावला आणि पाटी तेवढी चिंचेने घासून घेतली. खाडीकडेला त्यांची मिठागरं होती, गावात भाताची गिरणी होती, आणि बंगल्याच्या ओसरीवर संध्याकाळी पाच-सहा माणसं कायम होती. रावसाहेब बोलले की ती हसत, आणि ते बोलायचे थांबले की सरबत पीत. घटपर्णीच्या गोड काठाला भुलून आत घसरणाऱ्या किड्यांची उपमा इथे कोणालाही सुचेल. मी ती देत नाही. किडा निदान एकदाच घसरतो.

झाडं त्यांच्याकडे आली ती अशी. मुंबईतला कुणी गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. रावसाहेब गेले होते जेवणाचं मेज घ्यायला. मेज दुसऱ्याच कुणी शेठने घेतलं. त्या रागात पुढच्या वस्तूला तोच शेठ हात वर करतोय असं पाहून रावसाहेबांनी दुप्पट बोली लावली, आणि ती वस्तू म्हणजे अकरा कुंड्या निघाल्या. घटपर्णीच्या अकरा संकरित जाती, साहेबाने विलायतेतून आणि कलकत्त्याहून मागवलेल्या. काही दंडाएवढ्या लांब घटांच्या, काही बुटक्या, काहींच्या काठाला दात. कुंड्यांबरोबर एक माळीही आला. लिलावाच्या यादीत तो नव्हता. साहेबाकडे त्याने बारा वर्षं हीच झाडं सांभाळली होती, आणि तो गव्हाणचा, म्हणजे पनवेल त्याला घरच्या वाटेवरच. तो हातगाडीच्या बाजूने एक हात कुंडीवर ठेवून चालत निघाला तो रावसाहेबांच्या बागेपर्यंत थांबलाच नाही.

साहेबाकडे काचघर होतं म्हणून रावसाहेबांनीही काचघर बांधलं. पनवेलच्या हवेत काचघर कशाला, हा प्रश्न विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पहिल्याच वैशाखात दोन कुंड्या अक्षरशः शिजल्या.  माळ्याने सगळ्या काचांवर नारळीची झापं चढवली, आत ओली गोणपाटं टांगली, आणि त्या काचमहालाचा गोठा करून टाकला. पाहुणे येणार असले की रावसाहेब झापं काढायला लावत. पाहुणे फाटकाबाहेर पडले की माळी ती परत चढवी. कुंड्यांत माती नव्हती. नारळाची सोडणं, कोळसा आणि शेवाळ. शेवाळ एक कातकरीण कर्नाळ्याच्या बाजूने पाटी भरून आणी. फाटकाच्या आत तिला येऊ देत नसत. "झाडाला बी गादी लागते व्हय," असं ती मला एकदा म्हणाली आणि पाटी तिथेच ओतून गेली.

पाणी ही सगळ्यांत अवघड गोष्ट. बंगल्याची विहीर मचूळ होती. माणसांना ते पाणी चालत असे, या झाडांना नाही. माळी पावसाचं पाणी सहा रांजणांत धरून ठेवी आणि पुढच्या मृगापर्यंत पुरवी. मिठावर रावसाहेबांचं घर उभं होतं आणि त्यांच्या झाडांना मीठ विष होतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ओसरीवरचे लोक माझ्याकडे, मी काही अशुभ बोलल्यासारखे, बघत राहिले.

मला बोलावलं होतं पाट्या लिहायला. प्रत्येक कुंडीला एक पुठ्ठ्याचं कार्ड, वर लॅटिन नाव, खाली मराठी. घटपर्णी हा शब्द पुस्तकातला. माळी त्यांना 'तांबे' म्हणे. मी त्याला शिकवायला गेलो आणि शिकून आलो. बी.एस्सी.ला मी या झाडाची आकृती काढून गुण मिळवले होते. यांत नर आणि मादी वेगळी झाडं असतात, हे मला त्याने सांगितलं.

"ही बाई हाय, मास्तर. तो कोपऱ्यातला बाप्या. बाप्या दर सालाला फुलतो. बाई तीन सालांनी एकदा. दोगांचा टायम काय जुळत नाय."

"मग?"

"मंग काय. मानसात कसं जुळवतात? मदे कोनतरी लागतो."

मधला तो स्वतः होता. नर फुलला की त्याच्या तुऱ्यावरची पिवळी भुकटी तो कागदावर झटकून घेई. नराच्या तुऱ्याला बुरशी आलेल्या भाकरीसारखा वास येतो. काचघरात पाय ठेवला की तो घशात बसे. भुकटी तपकिरीच्या डबीत, ओल धरू नये म्हणून चुन्याच्या खड्याबरोबर. मग मादीची वाट. एका पावसाळ्याच्या तोंडावर ती फुलली. त्याने डबी उघडली आणि कोंबडीच्या पिसाने, एकेका फुलावर, सकाळभर ती भुकटी लावली. कोंबडीचं पीस हे आमच्या दोघांतलं गुपित. त्या बागेत अंड्याचं टरफलही चाललं नसतं.

बी केसाच्या तुकड्यासारखं असतं. ते त्याने शेवाळावर पेरलं, वर काच ठेवली. दोन महिन्यांनी हिरवे ठिपके दिसले. पहिल्या वर्षी रोपं ताटभर होती. दुसऱ्या वर्षी वाटीभर. मग बोटांवर मोजण्याइतकी, आणि शेवटी एक. त्या एकाला त्याने सहा वर्षं वाढवलं. कोवळ्या रोपालाही घट येतात, पण ते मसुरीएवढे, मग बोराएवढे. खरा, मोठा, जातीचा घट यायला वर्षं लागतात, आणि तो येईपर्यंत संकर कसा निघाला ते कळत नाही.

"याला तोंड उघडलेलं बघायचं हाय," तो म्हणे. "तेवडं बघीन आनि मंग काय व्हायाचं ते व्हवो." आणि एकदा, कुंड्या पुसता पुसता: "सायब बोलला व्हता, तुज्या हातचं रोप आलं तर वहीत लिवीन, गवाणच्या मान्साचं हाय म्हनून. गेला तो. आता कोन लिवनार?"

मी म्हणालो, मी लिहीन. तो वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरेतुरे करत होतो. तेव्हा त्यात मला काही वाटत नसे.

रोपाची बातमी ओसरीवर पोचल्यावर ते 'आमचा संकर' झालं. रावसाहेब पाहुण्यांना संकराचं महत्त्व समजावून सांगत: दोन उत्तम कुळं एकत्र आली की तिसरं दोघांहून सरस निपजतं. त्याच वर्षी त्यांच्या पुतण्याने परजातीची मुलगी पसंत केली. रावसाहेबांनी दोन दिवस अन्न सोडलं, पुतण्याने घर सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी ओसरीवर पुन्हा संकराचं महत्त्व सुरू झालं. ओसरीवरच्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. मी हे पाहिलं आणि सरबत प्यालो.

मग आषाढात एका मठाचे स्वामी चातुर्मासासाठी पुढे कुठे निघाले होते, ते रावसाहेबांकडे उतरले. पाद्यपूजा झाली आणि सगळी मंडळी काचघरात आली. झापं अर्थातच काढलेली. रावसाहेब सगळ्यांत मोठ्या घटापाशी थांबले. "स्वामीजी, निसर्गाने दिलेला कमंडलू. आकाशातलं पाणी यात साठतं. बारमाही तीर्थ." इतकी वर्षं त्यांची खरोखरच तशी समजूत होती. आत काय असतं हे पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. पाहायला माळी होता.

स्वामी भाविक होते. त्यांनी उजव्या हाताचा पसा केला, डाव्या हाताने घट अलगद कलता केला आणि तीर्थ घेतलं. हात तोंडाजवळ नेता नेता ते थांबले. तळहातावर ते तपकिरी पाणी, त्यात मुंग्या, एक झुरळ, आणि मधोमध अर्धी विरघळलेली पाल. तिचं शेपूट बोटांच्या फटीतून खाली लोंबत होतं.  स्वामींनी हात खाली केला नाही, झटकला नाही. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. माळी पुढे झाला आणि त्याने आपला पंचा त्यांच्या हाताखाली धरला. त्याबद्दल त्याला नंतर बोलणी बसली, कारण पंचा माळ्याचा होता.

स्वामी तीनदा आंघोळ करून न जेवता गेले. दुसऱ्या दिवशी काचघराची शुद्धी झाली, आणि तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

"मास्तर," रावसाहेब म्हणाले, "हा सवयीचा प्रश्न आहे. साहेबाच्या घरी वाढलेली झाडं. तिथे काय खाणंपिणं असेल तुम्ही समजू शकता. माणूस सुधारतो, झाड का नाही सुधारणार?"

मी म्हणालो, "रावसाहेब, किडे नाही मिळाले तर ती लगेच मरायची नाहीत. बाकीच्या झाडांसारखी ती उन्हातूनही अन्न करतात. पण घटात दुसरं काही घालू नका. कुजेल."

त्यांनी यातलं पहिलं वाक्य घेतलं आणि उरलेलं माझ्याकडेच ठेवलं. "ऐकलंत?" ते ओसरीला म्हणाले. "शास्त्र सांगतं, किड्यांची गरज नाही." ओसरीने ऐकलं. मी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं तेव्हा ओसरीवरचे वैद्यबुवा आयुर्वेदातला दाखला देऊ लागले होते.

त्या चातुर्मासात रावसाहेबांची घटपर्णी शाकाहारी झाली. औषधाच्या दुकानातून कापसाच्या गुंडाळ्या आल्या. प्रत्येक घट पिचकारीने धुतला आणि त्याच्या तोंडात कापसाचा बोळा बसवला. रोज सकाळी बोळा काढून आत चमचाभर दूध-साखर. एकादशीला नुसतं पाणी, कारण घरात सगळ्यांनाच उपास. श्रावणी सोमवारी पंचामृत. बंद घटात दूध दोन दिवसांत नासे, मध फसफसे, आणि बोळ्याखालून पिवळा पाझर पानावर ओघळे. मी जन्मात इतका घाणेरडा वास घेतला नाही. किडे कुजताना निदान झाड ते खातं तरी. हे कुजणं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. पंधरा दिवसांत घट काळे पडून गळायला लागले. रावसाहेब नाकाला उपरणं लावून आत आले, सगळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "विकार बाहेर पडतोय."

एकच रोप तजेलदार होतं. माळ्याच्या संकराला त्याच श्रावणात पहिला मोठा घट आला. आधी पानाच्या टोकाला तंतू, तंतूच्या टोकाला फुगवटी, मग ती वीतभर वाढली, आणि एका सकाळी झाकण वर उचललं गेलं. फिकट हिरवा रंग, त्यावर कोकमाच्या आगळाचे ओघळ असावेत तशा रेषा, आणि काठ गडद, ओला, चकचकीत. माळी कुंडीसमोर उकिडवा बसला होता.  मी त्याला म्हणालो, "बघितलंस ना एकदाचं?" तो म्हणाला, "बघितलं. आता जगवायला नको?"

त्याही घटात बोळा होता. मी जवळ गेलो तेव्हा मला वेगळाच वास आला. तोही घाणेरडा, पण ओळखीचा, बाजारातल्या एका विशिष्ट कोपऱ्यावरून आम्ही नाक दाबून जात असू तिथला. मी माळ्याकडे पाहिलं. तो काचा पुसत होता.

"काय घालतोस यात?"

"जेवान," तो म्हणाला. "माज्या डब्यातलं. आमी जवला खातो, त्यो बी खातो. बोला वरना लावतो, रावसाबांचं मन राखायला."

जवळा म्हणजे बोटाच्या पेराएवढी सुकी कोळंबी. त्या बंगल्याच्या फाटकातून सुक्या मासळीचा वासही आत यायचा नव्हता. मी गप्प राहिलो. हे एक गप्प राहणं तेवढं मला आजही गैर वाटत नाही.

दिवाळीनंतर मुंबईत फुलझाडांचं प्रदर्शन होतं. रावसाहेबांनी संकर न्यायचं ठरवलं. मला कार्ड लिहायला सांगितलं आणि मजकूरही सांगितला: 'संकरित घटपर्णी. संकरकर्ते:' आणि पुढे त्यांचं नाव, पदवीसकट. 'वैशिष्ट्य: संस्काराने पूर्ण शाकाहारी.' त्याखाली 'शास्त्रीय पडताळणी' आणि माझ्यासाठी जागा सोडलेली. इतकी वर्षं होऊनही मी शाळेत अजून कायम झालो नव्हतो, आणि मंडळाची बैठक पौषात होती. हे कारण म्हणून लिहीत नाही. घडलं ते लिहितो. मी ते कार्ड माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि सहीपुढे बी.एस्सी. लिहिलं.

गाडीत पुढे रावसाहेब, मागे मी आणि माळी, आणि माळ्याच्या मांडीवर कुंडी. मुंब्र्यावरून ठाण्याकडे वळेपर्यंत तो रस्त्यातला प्रत्येक खड्डा अंगावर घेत होता. कार्ड माझ्या हातात होतं.

"काय लिवलंय, मास्तर?" त्याने हळूच विचारलं. त्याला वाचता येत नव्हतं.

"तुझ्या रोपाची माहिती," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि कुंडीवरचा हात बदलला.

प्रदर्शनाच्या मांडवात माळ्यांना आत थांबू देत नसत. कुंडी मेजावर ठेवून तो दाराशी जाऊन उभा राहिला, जिथून मेज दिसत होतं. परीक्षक एक वयस्क पारशी बाई होत्या, गळ्यात भिंग लटकवलेलं. त्यांनी कार्ड वाचलं, भिंग लावून पुन्हा वाचलं, आणि रावसाहेबांकडे पाहिलं.

"शाकाहारी? कोण शिकवला हिला?"

"संस्कार, बाईसाहेब," रावसाहेब म्हणाले. "घरचं वातावरण."

बाईंनी केसातला आकडा काढला, बोळ्यात खुपसला आणि बोळा उपटला. नाक जवळ नेलं. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्या घट कलता करून दोन थेंब आपल्या हातरुमालावर घेत होत्या. रुमालावर तांबूस पाणी होतं, आणि त्यात मोहरीसारखे काळे डोळे.

"अरे, आ तो सुकी कोलमी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच प्रसन्न दिसल्या. "माझे घरी पण संडेला हेच असते. टेस्ट चांगला आहे हिचा." मग लगेच कामाच्या आवाजात: "क्रॉस फार सुंदर झाला. मादी कोणती घेतली?"

"मादी?" रावसाहेब म्हणाले.

बाई वाट पाहत राहिल्या. रावसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "ते आमचे मास्तर बघतात."

मी मादीचं नाव सांगितलं, नराचं सांगितलं, लॅटिनमध्ये, उच्चार चोख. पराग डबीत किती महिने ठेवला होता तेही सांगितलं. बाईंनी माझा हात हातात घेतला. "म्हणजे तू केला. शाबास. पेशन्स लागते याला."

मी मान लववली. दाराशी माळी उभा होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, पण लववलेली मान दिसत होती. मी तिथे उभा राहून बक्षीस मिळवलेल्या माणसासारखा हसलो, आणि ते हसू मला अजून, एखादा केस घशात अडकावा तसं, अधूनमधून लागतं.

पहिलं बक्षीस मिळालं. चांदीचा पेला. परतीच्या वाटेवर रावसाहेबांच्या मांडीवर पेला होता आणि माळ्याच्या मांडीवर कुंडी.

ओसरीवर सगळी मंडळी जमलेली होती. रावसाहेबांनी पेला मेजावर ठेवला, माळ्याला पायरीखाली उभं केलं.

"माझ्या बागेत जवळा आणलास?"

"आनला."

"चातुर्मासात?"

"झाडाला काय ठावं, रावसाब, कंचा म्हयना हाय. भूक लागली व्हती त्याला. बाकीची बगा जाऊन."

"उद्यापासून येऊ नकोस."

"येत नाय. एक शेंडा द्या त्याचा. येवडाच. घरी लावीन."

रावसाहेब ओसरीकडे पाहून हसले. "बक्षिसाचं झाड आहे ते. त्याचे तुकडे करून गव्हाणच्या परसात लावायचे?" ओसरीही हसली. मी तिथे होतो. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूने आहे, आणि ते फार थोडं आहे.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. "नव्या मान्साला सांगा, रांजनातलंच पानी घाल म्हनावं. इहिरीचं नको."

मी नव्या माणसाला सांगितलं. तो चार महिने ऐकत होता. माघ संपता रांजण संपले, कारण काचघराची फरशीही त्याच पाण्याने धुतली जात होती. मग विहीर. फाल्गुनात शेवाळावर पांढरी खपली दिसू लागली. मी रावसाहेबांना म्हणालो, मीठ धरतंय. ते म्हणाले, "मास्तर, ही विहीर आमच्या आजोबांनी खणली आहे."  पौषात मी शाळेत कायम झालो होतो.

चैत्रात एके दुपारी, रावसाहेब वामकुक्षी घेत असताना, पुसट झालेल्या पाट्या पुन्हा लिहितो असं सांगून मी काचघरात गेलो. संकराची खालची पानं करपली होती, शेंडा हिरवा होता. दाढीच्या पात्याने मी तीन तुकडे कापले, ओल्या फडक्यात गुंडाळले, माझ्या डब्यात घातले आणि उरणच्या रस्त्याने जाणारी एस.टी. धरली. उतरून पुढे खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून चालत गव्हाण. हातात डबा घेऊन घामाघूम चाललेला मास्तर पाहून मिठागरातल्या बायकांनी काम थांबवलं.

माळी आता मिठावर जात होता. पायांच्या टाचा खाऱ्या पाण्याने फुटल्या होत्या. त्याने डबा उघडला, एक तुकडा उचलला, कापलेलं टोक नखाने दाबून पाहिलं.

"हे कापलंय का चावलंय?" तो म्हणाला. "काय शिकवता तुमी पोरांना, मास्तर?"

विळ्याने त्याने तिन्ही टोकं नव्याने तिरपी कापली आणि करवंट्यांत शेवाळ भरून ती लावली. आणखी काही विचारलं नाही. चहा दिला नाही. मीही बसलो नाही.

वैशाख संपायच्या आत रावसाहेबांचं काचघर रिकामं झालं. उरलेल्या सगळ्या कुंड्या मेल्या. ओसरीवर मात्र चांदीचा पेला काचेच्या पेटीत राहिला आणि त्याच्या शेजारी, सोनेरी चौकटीत, ते कार्ड. येणारा प्रत्येक पाहुणा ते वाचत असे. सही वाचून मला विचारत: हे तुम्ही का?

पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका सकाळी आमच्या आळीत मासळीवाली आली. आमची आळी मासे न खाणाऱ्यांची, त्यामुळे सगळ्या खिडक्या उघडल्या. पाटी डोक्यावर तशीच ठेवून तिने माझ्या दारात उभ्याने निरोप दिला. "गवाणच्या माल्यानं सांगलंय मास्तरला. तोंड उघडलं म्हनावं."

मी त्याच दिवशी गेलो. घराच्या मागे, वळचणीखाली सावलीत, करवंटीतून आता मडक्यात गेलेलं ते झाड दोरीने टांगलं होतं. तिघांतलं एकच जगलं होतं. घट एकच होता, पण पूर्ण वाढलेला. तोच हिरवा, त्याच आगळाच्या रेषा. माळी बाजूला दगडावर बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. कार्डावर काय लिहिलं होतं ते, अक्षर न् अक्षर. बाई काय म्हणाल्या ते. मी मान का लववली ते. हे सगळं मी 'तुम्ही' म्हणून बोललो. त्या दिवशी 'तू' तोंडातून निघेना.

त्याने ऐकून घेतलं. 

"म्हंजे शिकलेल्या मान्सानं लिवलं," तो म्हणाला. "मला वाटलं, कोनी येड्यानं लिवलं आसंल."

मग तो उठला, घरात गेला आणि मूठ मिटून बाहेर आला. माझा हात धरून उलगडला आणि तळहातावर चिमूटभर जवळा ठेवला. मी जन्मात सुकी मासळी हातात घेतली नव्हती. तिचे ते बारीक काळे डोळे माझ्याकडे पाहत होते आणि वास सरळ डोक्यात चढला.  मी हात लांब धरला.

"घाला," तो म्हणाला. "तुमच्या हातानं."

मी घटाच्या ओल्या काठावर बोटं टेकवली आणि जवळा एकेक करून आत सोडला. काठ चिकट होता. आतून तो जुना वास आला, ओल्या फडक्याचा. शेवटची कोळंबी बोटाला चिकटली. ती मला दुसऱ्या बोटाने ढकलावी लागली. त्यानंतर त्याने मला बसायला सांगितलं आणि कोरा चहा दिला. कप मी त्याच हाताने धरला.

बांधावरून परतताना, एस.टी.त आणि घरी पोचेपर्यंत बोटांना वास येत होता. राखेने धुतली, शिकेकाईने धुतली, लिंबू चोळलं. बायकोने जेवताना पान थोडं लांब सरकवलं आणि विचारलं, कशात हात घातला होतात. मी तिला सांगितलं. रावसाहेबांच्या ओसरीवरचं कार्ड तसंच होतं. ते खाली उतरवायला मी कधी गेलो नाही.